मुंबईच्या खिडकीत गोकर्ण: बी पेरण्यापासून निळ्या चहापर्यंत सगळं सविस्तर

मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणी विचारलं की एकच फुलझाड लावायचंय, जागा फक्त खिडकीच्या ग्रिलची आहे, तर काय लावू, तर मी गोकर्ण सांगते. गुलाब नाही आणि पहिलंच झाड असेल तर मोगरा पण नाही. गुलाबाच्या पानांवर आपल्या दमट हवेत काळे डाग येत राहतात, मोगऱ्याला छाटणी वेळेवर झाली नाही तर कळ्याच धरत नाहीत, आणि गोकर्ण हा मुळातच उष्ण दमट हवेतला वेल, त्याला मुंबई मानवते. शिवाय त्याला जमीन कमी लागते, उंची जास्त लागते, आणि उंची आपल्याकडे ग्रिलमुळे आयतीच असते. वर देवाला फूल, सरबताला रंग, आणि बी घरचंच, परत विकत आणायला नको.

तरीपण गोकर्णाबद्दल दोन तक्रारी सारख्या ऐकू येतात. एक, वेल मस्त वाढलाय पण फुलंच नाहीत. दुसरी, सुरुवातीला छान होता आणि पावसात गेला. दोन्हीला कारणं आहेत आणि दोन्ही टाळता येतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी वेल ओळखून घ्या

शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेटिया. यातलं टर्नेटिया हे इंडोनेशियातल्या टर्नेट बेटावरून आलंय, लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं. आपल्याकडे गोकर्ण, गोकर्णी, अपराजिता अशा नावांनी ओळखतात. घराणं मात्र वाल, पावटा, मटार यांचं, म्हणजे शेंगवर्गीय. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे खताचा सगळा हिशोब यावर आहे.

फूल हातात घेऊन बघितलंय का कधी नीट? पावट्याच्या फुलात मोठी पाकळी वरच्या बाजूला उभी असते. गोकर्णात फूल उलटं फिरलेलं असतं, मोठी पाकळी खाली पसरलेली आणि छोट्या पाकळ्या वरच्या अंगाला. मोठ्या पाकळीच्या मधोमध पांढरट पिवळा पट्टा, त्यावरून बारीक निळ्या शिरा गेलेल्या. फूल साधारण दीड-दोन इंचाचं, सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मिटून लोंबतं. म्हणजे एका फुलाचं आयुष्य दिवसभराचं, पण वेल खूश असेल तर रोज नवीन येत राहतात.

प्रकार मुख्य तीन. साधा एकेरी गडद निळा, एकेरी पांढरा, आणि दुहेरी, ज्यात पाकळ्यांचा गुच्छ असतो. फिकट जांभळा पण मिळतो. चहा-सरबतासाठी करायचा असेल तर निळाच घ्या, एकेरी किंवा दुहेरी कुठलाही चालेल, दुहेरीत पाकळ्या जास्त म्हणून एका फुलातून रंग जास्त निघतो. पांढरा पूजेला छान पण त्यातून रंग मिळणार नाही. नर्सरीत फूल नसलेलं रोप "दुहेरी निळा आहे मॅडम" म्हणून देतात, तेव्हा एक तरी फूल उमललेलं असल्याशिवाय रोप घेऊ नका. आणि खरं तर रोप घ्यायची गरजच नाही, बी लावा.

कुठल्या खिडकीत लावायचा

यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे म्हणून जरा थांबून वाचा. गोकर्णाला रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन पाहिजे. थेट म्हणजे पानावर पडणारं, समोरच्या बिल्डिंगच्या काचेवरून येणारा उजेड नाही. मुंबईत दक्षिणेची खिडकी सगळ्यात चांगली, मग पश्चिमेची, मग पूर्वेची. उत्तरेच्या खिडकीत हिवाळाभर ऊनच येत नाही, तिथे वेल जगेल, पानं देईल, फुलं नाममात्र देईल. पण नुसती दिशा बघून ठरवू नका, कारण समोर टॉवर उभा असेल तर दक्षिणेच्या खिडकीतही दोनच तास ऊन येतं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून दर तासाला ग्रिलवर ऊन आहे का बघून कागदावर टिक करा. पाच टिक आल्या तर बिनधास्त लावा, तीन-चार आल्या तर लावा पण फुलांची अपेक्षा कमी ठेवा, दोनच्या खाली असेल तर सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळते का बघा.

पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात दुपारनंतरचं ऊन फार कडक असतं, पानं मान टाकतात, पण संध्याकाळी परत उभी राहतात, तेवढ्याने घाबरून सावलीत हलवू नका.

अजून एक, कुंडी ग्रिलच्या आत ठेवा, बाहेरच्या कठड्यावर किंवा छज्जावर मोकळी नको. जूनच्या पहिल्या वाऱ्यात वेल शिडासारखा वारा धरतो आणि कुंडीसकट ओढला जातो, खाली माणसं चालत असतात.

बी कुठून आणायचं आणि कधी पेरायचं

सगळ्यात चांगलं बी ओळखीतल्या कोणाच्या तरी वेलावरचं. सोसायटीच्या कंपाऊंडला, देवळाच्या कुंपणावर, रेल्वे क्वार्टर्सच्या जाळीवर गोकर्ण बऱ्याच ठिकाणी असतो. मालकाला विचारून तपकिरी झालेल्या दोन शेंगा मागा, कोणी नाही म्हणत नाही. एका चपट्या शेंगेत साधारण ६ ते १० बिया निघतात. गोकर्णाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागकणांनी फळतं, म्हणून ज्या वेलावरून बी घेतलं तसंच फूल तुमच्याकडे येण्याची शक्यता खूप जास्त, दुहेरीचंही बी धरतं आणि बहुतेक दुहेरीच निघतं. पाकिटातलं बी घेतलं तर तारीख बघा, जुनं बी कमी उगवतं.

पेरायची वेळ. मुंबईत थंडी अशी फारशी नसते त्यामुळे वर्षभर उगवतो, पण माझ्या मते दोन वेळा चांगल्या. पहिली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, म्हणजे साधारण होळी-गुढीपाडव्याच्या आसपास. हा वेल मे पर्यंत फुलावर येतो आणि पाऊस लागेपर्यंत त्याचं मूळ पक्कं झालेलं असतं, त्यामुळे पावसात टिकतो. दुसरी ऑक्टोबरचा पहिला आठवडा. श्रावणी सोमवारला घरची फुलं हवी असतील तर उशिरात उशिरा मे च्या सुरुवातीला पेरा. जून-जुलैत मात्र पेरू नका, ऊन नाही, सतत पाऊस, कोवळं रोप बुडाशी कुजून आडवं पडतं. पावसात गेला अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा जूनमध्ये पेरलेलं असतं.

कुंडी आणि माती

कुंडी १२ इंची घ्या, खोली पण तेवढीच हवी. गोकर्णाचं मुख्य मूळ सरळ खाली जातं, उथळ पसरट कुंडीत ते वळतं आणि वेल खुरटतो. १२ इंची ग्रो बॅग पण उत्तम, वजनाला हलकी आणि पाण्याचा निचरा चांगला. एका १२ इंची कुंडीत दोन वेल, फार तर तीन. हौसेने सात-आठ बिया टाकून सगळी रोपं ठेवली की एकही धड होत नाही.

कुंडीच्या तळाला भोकं किती आहेत बघा, प्लास्टिकच्या कुंडीत बऱ्याचदा नुसत्या खुणा असतात, त्या फोडाव्या लागतात. मोठी चार-पाच भोकं पाहिजेत.

माती नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका. ती सुकली की विटेसारखी होते. मी असं मिश्रण करते: चार भाग लाल माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू, आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट याच्यापेक्षा जास्त नको. ऑनलाइन बघून अर्धी कुंडी कोकोपीट भरतात, उन्हाळ्यात ते बरं वाटतं पण जुलैत तेच कोकोपीट दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मुळं कुजतात. वाळू बांधकामाच्या ढिगातली चालेल पण दोनदा धुऊन घ्या, आणि समुद्रावरची वाळू अजिबात नको, मीठ असतं त्यात.

पॉटिंगच्या वेळी सगळं कोरडं मिसळा, मग पाणी मारून मुठीत दाबून बघा, गोळा व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर फुटावा, एवढी ओल बरोबर.

पेरणी

गोकर्णाच्या बीचं कवच टणक असतं, पाणी लवकर आत जात नाही, त्यामुळे नुसतं मातीत खोचलं तर काही बिया आठवड्यात येतात आणि काही महिनाभर तशाच पडून राहतात. म्हणून हे करा:

१. बारीक सँडपेपर घ्या, नसेल तर नखं घासायची कानस चालते. बीवर एका बाजूला बारीक खूण दिसते, बी तिथे शेंगेला चिकटलेलं असतं. ती बाजू सोडून विरुद्ध बाजूला दोन-तीनदा हलकं घासा, आतला फिकट रंग जरासा दिसला की थांबा. जास्त घासलं तर आतला कोंब जातो.

२. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी बघा, ज्या बिया फुगल्यात त्या तयार आहेत. ज्या फुगल्या नाहीत त्यांना परत घासून अजून एक रात्र ठेवा. २४ तासांच्या वर एकाच पाण्यात ठेवू नका, वास मारायला लागतो.

३. शक्यतो थेट मोठ्या कुंडीतच पेरा, कारण या वेलाला मूळ हललेलं आवडत नाही. एका कुंडीत चार बिया, अर्धा-पाऊण इंच खोल, एकमेकांपासून लांब. कपात रोपं करायचीच असतील तर कागदी कप घ्या आणि लावताना कपाचा तळ फाडून कपासकट मातीत ठेवा.

४. ओल सारखी ठेवा पण चिखल नको. उन्हाळ्यात ५ ते १० दिवसांत कोंब दिसतो.

५. चार-पाच खरी पानं आली की सगळ्यात दणकट दोन ठेवा आणि बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. इथे खूप जणांचा हात थांबतो, पण न खुडलेला वेल एकच दोरा घेऊन वर पळतो आणि फुलं पार ग्रिलच्या टोकाला, वरच्या मजल्यावाल्यांना दिसतील अशी येतात. शेंडा खुडल्यावर खालून तीन-चार फांद्या फुटतात आणि पुढे प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फूल येतं, म्हणजे जेवढ्या फांद्या तेवढी फुलं, साधा हिशोब.

आधार

वेल ६ ते १० फूट सहज जातो. ग्रिलच्या गजांना थेट सोडला तर उन्हाळ्यात लोखंड तापतं आणि कोवळे शेंडे चटकतात, म्हणून मध्ये दोऱ्या बांधा. सुतळी नको, आपल्या पावसात एका मोसमात कुजते आणि भर ऑगस्टमध्ये सगळा वेल खाली येतो. नायलॉनची दोरी किंवा वेलभाज्यांना वापरतात ती प्लास्टिकची जाळी घ्या. सुरुवातीला शेंडा हाताने दोरीला गुंडाळून द्या, नंतर तो आपला आपण चढतो. दर आठवड्याला एकदा फांद्या आडव्या पसरवून द्या, सगळ्या एकाच दोरीवर गेल्या की आतली पानं पिवळी पडतात आणि तिथे कीड लपते.

एक सांगायचं राहिलं, खिडकी उघडझाप करायला आणि आणीबाणीच्या दाराला जागा सोडा. ग्रिलला बाहेर निघायचं छोटं दार असेल तर त्यावर वेल चढवू नका.

पाणी, आणि पावसाळ्याचे चार महिने

उन्हाळ्यात रोज सकाळी, एप्रिल-मे मध्ये पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी पण थोडं. हिवाळ्यात एक दिवसाआड. घड्याळ लावून पाणी घालण्यापेक्षा बोट एक पेर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर घाला, भरपूर घाला, तळातून बाहेर येईपर्यंत. रोज वाटीभर शिंपडल्याने वरचीच माती ओली होते आणि मुळं वर येतात.

पावसाळा वेगळा विषय आहे. सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, म्हणजे कुंडीतल्या झाडासाठी हे पाणी प्रचंड आहे. जूनच्या आधी हे करून ठेवा: कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील, वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करा, तळातल्या भोकात काडी घालून साफ करा, आणि खालची पानं जमिनीपासून चार-पाच इंचांपर्यंत काढून टाका म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडून बुरशी लागत नाही. सलग मुसळधार असेल तेव्हा कुंडीच्या तोंडावर प्लास्टिक तिरकं लावा, वेल भिजू दे, माती नको.

आणि कुंडीखालच्या ताटल्या. पावसाळ्यात त्या सरळ काढून टाका. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे लोक घरोघरी तपासायला येतात तेव्हा सगळ्यात आधी कुंडीखालच्या ताटल्या आणि मनी प्लांटच्या बाटल्या बघतात, आणि बरोबरच करतात. खालच्या मजल्यावर पाणी पडतं म्हणून ताटली ठेवायचीच असेल तर आठवड्यातून दोनदा ओतून, घासून कोरडी करा, नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

जुलैत फुलं कमी होतात, ऊन नसतं म्हणून. वेलात काही बिघाड नाहीये, खत मारत बसू नका. गणपती गेले, ऊन परत आलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोकर्णाचा खरा बहर येतो, आणि दसऱ्याच्या अपराजिता पूजनाला घरचीच फुलं मिळतात.

खत कमी, हे ऐका

आधी म्हटलं ना शेंगवर्गीय आहे ते लक्षात ठेवा म्हणून. या वेलाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात. जुना वेल कधी काढाल तेव्हा एखादं मूळ उकरून पाण्यात धुऊन बघा, मोहरी-बाजरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर गाठ काम करतेय, हिरवट किंवा करडी असेल तर तिचं काम संपलंय. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच एका द्रव्याचा असतो. मला स्वतःला हे बघायला फार आवडतं, घरात शाळेतली मुलं असतील तर त्यांना जरूर दाखवा.

तर मुद्दा हा की नायट्रोजनची सोय वेल स्वतः करतो. आपण वरून युरिया, मोहरीच्या पेंडीचं पाणी, दर आठवड्याला लिक्विड खत असं घालत राहिलो की वेल पानांवरच जोर देतो, पानं मोठी, गडद हिरवी, आणि कळ्या गायब. पानं भरपूर पण फुलं नाहीत याचं कारण दहातल्या सात-आठ वेळा एकतर ऊन कमी आहे किंवा हे खत जास्त झालंय. दीड महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा, बस. वेल फुलावर यायच्या वयाचा झाला, म्हणजे पेरल्यापासून दोन महिने उलटले की महिन्यातून एकदा ०:०:५० हे पोटॅशचं खत लिटरभर पाण्यात २ ग्रॅम टाकून मातीत द्या. केळीच्या सालींचं पाणी सगळेच सांगतात, त्यात नुकसान काही नाही पण त्यातून मिळतं फार थोडं, आणि मुंबईत त्या भांड्यावर चिलटं जमतात. साली कंपोस्टमध्ये टाका.

कीड

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन-चार दिवस सलग धुतला की जातो. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरा कापसासारखा, हा जास्त चिवट, जास्वंद शेजारी असेल तर तिच्यावरून येतो. थोडा असेल तर कापसाला पाण्यात पातळ केलेला भांड्याचा साबण लावून पुसून काढा, जास्त असेल ती फांदी कापून पिशवीत बांधून टाका, खाली फेकू नका. मार्च-एप्रिलमध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी, तो कोरड्या धुळीत वाढतो, पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारत राहा.

नीमतेल वापरायचं तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १-२ मिली लिक्विड सोप, चांगलं घुसळून, संध्याकाळीच फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आणि फवारणीनंतर आठवडाभर फुलं खाण्यापिण्यात वापरू नका. दुकानातलं रासायनिक कीटकनाशक या वेलावर मारूच नका, आपण फुलं पिणार आहोत.

फुलं तोडणं आणि सुकवणं

सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, दव सुकल्यावर, पूर्ण उमललेली फुलं तोडा. देठाकडचा हिरवा भाग काढून टाका, तो राहिला तर चहाला कच्च्या शेंगेसारखी चव येते. फूल उघडून आत मुंगी आहे का बघा.

सुकवायचं सावलीत, पातळ कपड्यावर, फुलं एकमेकांवर न चढवता. ऑक्टोबर ते मे मध्ये पंख्याखाली दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतात. कडक उन्हात रंग उडतो. पावसाळ्यात मुंबईत पंख्याखाली सुकत नाहीत, चिकट होऊन वास येतो, तेव्हा स्टीलच्या ताटलीत एका थरात पसरून ताटली न झाकता फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिजची हवा कोरडी असते, चार-पाच दिवसांत होतात. फक्त बाजूला कापलेला कांदा नको. बोटांत चुरली की तुटली पाहिजेत, वाकली तर अजून ओल आहे. मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात.

खाण्यापिण्यात कसं वापरायचं

चहासाठी एका कपाला ५-६ ताजी किंवा ४-५ सुकी फुलं. पाणी उकळा, गॅस बंद करा, फुलं टाका, झाकून पाच मिनिटं. फुलं पाण्याबरोबर उकळत ठेवायची गरज नाही. याला स्वतःची चव जवळपास नाहीच, जरासा मटारच्या सालासारखा वास, म्हणून आलं, गवती चहा, पुदिना यातलं काहीतरी टाका. यात चहापत्ती नाही त्यामुळे कॅफिन पण नाही.

लिंबू पिळलं की निळा रंग जांभळा-गुलाबी होतो. फुलातला निळा रंग अँथोसायनिन गटातला आहे, यातल्या खास रंगद्रव्यांना टर्नेटिन म्हणतात, आणि ते आंबटपणाप्रमाणे रंग बदलतात. खायचा सोडा चिमूटभर टाकला तर हिरवट होतं. तीन ग्लासात तीन रंग करून मुलांना लिटमस पेपरशिवाय आम्ल-अल्कली शिकवता येतं. सरबत थरांचं करायचं असेल तर ग्लासात खाली लिंबूरस आणि साखरेचा पाक, वर भरपूर बर्फ, आणि बर्फावरून गार निळं पाणी चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा.

थायलंडमध्ये हे लिंबू घालून गार पितात, मलेशियाच्या केलांतान भागात नासी केराबू नावाचा निळा भात याच फुलांनी करतात. आपल्याकडे मला सगळ्यात आवडलेला वापर म्हणजे उकडीच्या मोदकाची उकड. दोन वाट्या पिठाला जेवढं पाणी घेता त्यातल्या पाऊण वाटीत २० सुकी फुलं भिजवून गाळा आणि उरलेल्या पाण्यात मिसळून नेहमीसारखी मीठ-तूप घालून उकड काढा. मोदक आकाशी निळे होतात, वाफवल्यावरही रंग टिकतो, सारण नेहमीचंच ओला नारळ आणि गूळ. फक्त त्या पाण्यात काही आंबट पडू देऊ नका. भातालाही असंच, शिजताना निळं पाणी घालायचं. दुधात मात्र रंग मळकट होतो, खीर-बासुंदीत मला तो आवडत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०२१ मध्ये या फुलांच्या पाण्यातल्या अर्काला खाद्यरंग म्हणून मंजुरी दिली. आपण घरी तो रंग फुकटात काढतोय, तेही डोळ्यासमोर वाढलेल्या वेलावरून.

औषध म्हणून नाही

हा भाग कृपया गाळू नका. आयुर्वेदात गोकर्णाचं मूळ आणि बी वापरतात हे खरं आहे, पण दोन्ही रेचक आहेत, म्हणजे जुलाब लावणारी. घरी मूळ उगाळून किंवा बी वाटून कोणालाही देऊ नका, मुलांना तर अजिबात नाही, ते वैद्यांचं काम आहे. या वेलात सायक्लोटाइड नावाची प्रथिनं आहेत जी किडींपासून झाडाचा बचाव करतात, ऑस्ट्रेलियात या वेलाच्या अर्कापासून कापसावरचं जैविक कीटकनाशकही बनवलंय, मग त्याच्या बिया तोंडात टाकायच्या नाहीत हे वेगळं सांगायला नको.

फक्त फुलांचा चहा, दिवसाला एक-दोन कप, निरोगी मोठ्या माणसाने प्यायला हरकत नाही. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, आणि शुगर-बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. स्मरणशक्ती वाढते, वजन उतरतं, केस लांब होतात असे जे मेसेज फिरतात त्यातलं स्मरणशक्तीचं काम बरंचसं उंदरांवर झालेलं आहे, त्यावर भरवसा ठेवून चालू असलेलं औषध बंद करू नका. आणि दादरच्या फूल बाजारातली किंवा फुलपुडीतली गोकर्णाची फुलं देवाला वाहा, चहात घालू नका, त्यांच्यावर काय फवारलंय आपल्याला माहीत नसतं.

शेंगा, बी आणि जानेवारीची छाटणी

फूल तोडलं नाही तर तिथे चपटी हिरवी शेंग धरते आणि वेलाची ताकद तिकडे जाते. शेंगा खूप झाल्या की नवीन कळ्या कमी होतात. म्हणून दोन दिवसांनी एकदा फिरून कोवळ्या शेंगा काढून टाका, आणि बीसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार-पाच शेंगाच ठेवा, चांगल्या फुलणाऱ्या फांदीवरच्या. शेंग तपकिरी, कागदासारखी झाली की लगेच काढा, नाहीतर दुपारच्या उन्हात ती पिळवटून फुटते आणि बिया खाली सांडतात. शेंगेला पातळ मलमलचा तुकडा सैल बांधून ठेवला तर सांडत नाहीत. बिया दोन-तीन दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात, वर रंग आणि महिना लिहून, फ्रिजच्या दारात ठेवा.

जानेवारीत वेल जरा मंदावतो, खालची पानं पिवळी होऊन गळतात, ते वयाने होतं. महिन्याच्या शेवटी सगळा वेल अर्ध्यावर छाटा, सुकलेल्या काड्या काढा, वरची दोन-तीन इंच माती बदलून नवीन गांडूळखत घाला. मार्चपर्यंत नवीन फुटवे येतात. कुंडीत असा वेल दोन-तीन वर्षं चांगला चालतो, मग बुंधा लाकडासारखा होतो आणि फुलं कमी येतात, तेव्हा नवीन बी पेरून जुना काढा. काढताना बुंधा मातीच्या पातळीला कापा, मुळं आतच कुजू द्या आणि त्या मातीत पुढचे दोन-तीन महिने मेथी, पालक किंवा कोथिंबीर लावा. गाठींमधला नायट्रोजन त्या पालेभाजीला मिळतो.